लाव्हॉनच्या डोक्याची परीक्षा

माझा धाकटा भाऊ लाव्हॉन पिकेट पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा, आमचा अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. तो बचावाच्या मधोमध उभा राहायचा. चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा पाडायचं, एवढंच त्याचं काम, आणि त्यात तो वस्ताद. अलाबामातल्या आमच्या गावात न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो अजून लटकतोय. त्या फोटोचं काय डोंबल करायचं? गेल्या महिन्यात या वस्तादानं शेगडीवर तेल तापत ठेवलं आणि अंगणात जाऊन झोपला. पडदे जळाले.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात राबते. दिवसभर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? खेळामुळं मेंदू गेलाय असं फुटबॉल मंडळाच्या डॉक्टरनं लिहून दिलं, तर मंडळाच्या खर्चानं घरी सांभाळायला माणूस मिळतो. म्हणून त्याला घेऊन बर्मिंगहॅमला गेले.

डॉक्टरनं चित्रं दाखवली, शब्द पाठ करायला दिले. लाव्हॉनला त्यातला एकही आठवला नाही. मी मनात म्हटलं, झालं काम.

डॉक्टर संगणकात बघून म्हणाला, "बाई, गुण वाईट आहेत. पण संघात भरती झाला तेव्हाच्या परीक्षेतही एवढेच होते. घसरण दिसत नाही."

"तेव्हा? अहो, तेव्हा हा गणिताच्या मास्तरांना गुंडाळून ठेवायचा."

लाव्हॉन खुदकन हसला. "अगं ताई, तेव्हा मी मुद्दाम चुकलो. सगळेच चुकायचे. पहिल्यांदा चांगले गुण मिळवले, तर पुढं डोक्याला मार बसल्यावर परत परीक्षा घेतात, गुण घसरले की लगेच पकडतात आणि बाकावर बसवतात. एकदा जागा गेली की गेली. आधीच गाढव दिसायचं, मग फरक कुणाला कळतोय?"

किती वेळा फुटकं डोकं घेऊन हा परत मैदानात उतरला असेल, देव जाणे. त्याचा राग आला, पण जीवही भांड्यात पडला. "ऐकलंत ना, डॉक्टर? आता लिहा."

डॉक्टरनं चष्मा काढला. "ऐकलं. म्हणजे याला मुद्दाम चुकता येतं. मग आज मुद्दाम चुकला नाही, हे मी कशावरून लिहू?"

"आणि घराला आग लावली, तीही मुद्दाम?"

"मला आकड्यांवरूनच लिहावं लागतं, बाई."

तोंडावर आलेली शिवी गिळली आणि लाव्हॉनचा दंड धरून बाहेर आले. रडू फुटत होतं, पण त्याच्यासमोर कशी रडू?

तो मात्र खुशीत होता. "घसरण नाही म्हणाला. दे चावी, गाडी मी चालवतो."

"गप बस."

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं?"

त्यानं माझी मूठ अलगद उघडली. त्याच्या ताकदीपुढं माझं काय चालणार? चावी घेऊन तो गाडीत बसला. मी घाईघाईनं शेजारी शिरले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हातातल्या चावीकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग कुणी ऐकेल म्हणून आवाज बारीक करून म्हणाला, "ताई, ही कुठं घालायची गं?"