गोरक्षरावांचे लेथ मशीन

मित्रांनो, चिंचवडच्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी सोनेरी रंगाचे अवजड धूड उभे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो कसला तरी पुतळा वाटतो. तसे नाही. मी एक जुने लेथ मशीन आहे. जिथे आज सोसायटीची बाग आहे, तिथेच मी एके काळी राबत होते.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. ट्रकमधून हेलकावे खात मी इथल्या कारखान्यात आले आणि गोरक्षरावांच्या हाती पडले. चाकणजवळच्या खेड्यातून आलेले गोरक्षराव तोवर फक्त नांगर धरत होते. पहिल्या दिवशी माझे बटण दाबतानाही ते कचरले. हळूहळू मात्र आमचे जमले. मी लोखंड गरगर फिरवायचे, ते तासायचे आणि कुरळ्या निळसर साली पायाशी पडायच्या. शिफ्ट संपली की ते मला बैलाची पाठ पुसावी तसे पुसत. शेजारच्या मशीनवरचे भीमराज चेष्टा करत, "गोरक्षभाऊ, घरी वहिनींना तरी एवढं जपता का राव?" मग दोघेही खळखळून हसत. साहेब पाहुणे घेऊन आले की माझ्यापाशी थांबत, माझ्या कामाची तारीफ करत. मी मनातून फुलून जाई.

एका सकाळी कोणीच आत आले नाही. मालकांनी फाटकाला कुलूप लावले होते. कामगार बाहेर मांडव घालून बसले. मी आत अंधारात त्यांच्या घोषणा ऐकत असे. पुढे घोषणा क्षीण झाल्या, मग थांबल्याच.

कारखाना पुन्हा उघडला नाही. जमीन विकली गेली, पत्रे उतरले, इमारती चढल्या. माझी सोबती यंत्रे भंगारात गेली. मला बिल्डरने शोभेसाठी ठेवले. अंगाला सोनेरी रंग फासला आणि मुलांची बोटे चेंगरू नयेत म्हणून माझी चाके वेल्डिंगने जाम केली. वाकड किंवा पिंपळे सौदागरसारख्या महागड्या भागात घर घेणे ज्यांना परवडत नव्हते, अशी तरुण कुटुंबे इथे भराभर राहायला आली. सकाळी कॅब आणि दुचाक्या फाटकातून सुसाट निघतात आणि दिवेलागणीनंतर परततात. माझ्याकडे बघायला कोणाला सवड आहे?

एके दिवशी एका नव्या घराची वास्तुशांत होती. फाटकाबाहेर एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. मी त्यांना लगेच ओळखले. ते माझे गोरक्षराव होते. त्यांची मुलगी संस्कृती रेशमी साडीत धावत खाली आली.

"आबा, गुरुजी खोळंबलेत. वर चला ना."

"तू पूजा उरकून घे पोरी. मी हितंच बरा हाय."

"बाहेर उन्हात? घर तुमच्यासाठीच घेतलंय ना?"

गोरक्षरावांनी फाटकाच्या गजावर हात ठेवला. मग म्हणाले, "ह्याच फाटकाबाहेर आमी मांडव घातला व्हता. त्या मांडवातच भीमराज छातीत कळ येऊन गेला. त्याच्या चितेपुढं आमी शपथ घेतली, आत जाऊ तर कामावरच जाऊ, न्हाई तर न्हाई."

संस्कृतीचा चेहरा उतरला. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू घर घेऊन मगच दाखवाय आणलंस. तवा काय बोलणार?"

ती तशीच, रेशमी साडीनिशी, फुटपाथवर बसली. "मग मीही वर जाणार नाही."

गोरक्षरावांनी टोपी डोक्यावर घातली. "ऊठ. लेकीच्या घराला अपशकुन नगं," असे म्हणून ते फाटकातून आत आले. माझ्यापाशी थांबून त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला, जोर लावला. मित्रांनो, मी फिरले नाही. मला फिरता आले नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि मान खाली घालून ते लिफ्टकडे गेले.

त्यानंतर ते इथेच राहिले, पण फिरायला जाताना नेहमी मागच्या दाराने जात. माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. संस्कृती सकाळी ऑफिस गाठण्याच्या घाईत असे, संध्याकाळी थकून येई. सुट्टीच्या दिवशी बापलेक निवांत बोलतील असे मला वाटे. तेवढ्यात यंदाच्या उन्हाळ्यात झोपेतच गोरक्षराव गेले.

परवा खंडेनवमीला संस्कृती झेंडूची माळ घेऊन माझ्याकडे आली. शेजारची छोटी आरोही तिच्या मागोमाग आली.

"ताई, हे कोणाचं मशीन?"

"माझ्या आबांचं. ते ह्याच्यावर काम करायचे."

"काय बनवायचे?"

माळ संस्कृतीच्या हातात तशीच राहिली. "विचारायचं राहून गेलं गं," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरला नाही.

मित्रांनो, मला ठाऊक आहे. विहिरीतले पाणी उपसणाऱ्या पंपांचे दांडे आम्ही बनवायचो. पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही मला रंग लावू नका, माळही घालू नका. तुमच्या घरात जे म्हातारे माणूस गप्प बसून आहे, त्याच्याजवळ आज जाऊन बसा. ते काय काम करत होते, हे त्याच्याच तोंडून ऐका.