दुखणं थांबल्याची वही

"महाराज, दुखायचं थांबलेले लोक पुढे चालतात का हो?"

हा प्रश्न भर गर्दीत विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. घरात जिला सगळे भोंगा म्हणत, तिला खरं तर पैजेची गरज नव्हती. तीन महिन्यांपूर्वी पट्टीमहाराजाच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या दादाचा मोडलेला पाय बांधला गेला होता. आता तो पाय गुडघ्याखाली नव्हता.

शेड खचाखच भरली होती. मधल्या बाकड्यावर सकाळी शिडीवरून पडलेला रंगारी आडवा होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मंतरलेली पट्टी करकचून आवळलेली. दुपारपर्यंत तो गुरासारखा ओरडत होता, आणि आत्ताच म्हणाला होता की जरा कमी वाटतंय. बघणाऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले. महाराजाने डोळे मिटून ढेकर दिला. लोकांच्या वेदना आपण गिळतो, असं तो सांगायचा. "तिखट होती," तो म्हणाला.

लगेच महाराजाचा मेहुणा वही घेऊन पुढे आला. इथला रिवाजच तो: दुखणं थांबलं की त्याच घटकेला वहीत तसं लिहून सही करायची. अशा बारा वह्या भरल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्यांत एकही सही खोटी नव्हती. दादाचं दुखणंही खरोखर थांबलं होतं. पप्पांनी गहिवरून मजकूर सांगितला होता आणि अक्षर चांगलं म्हणून तो लिहिला होता तिनेच. पाय कापल्यापासून तिला ते अक्षर डोळ्यांसमोर नको झालं होतं.

तिचा प्रश्न ऐकून महाराज तिच्याकडे बघून हसला. "कितवीत आहेस गं? विज्ञानाच्या बाईंनी पाठवलं वाटतं?"

लोकही हसले. ती सरळ बाकड्यापाशी गेली आणि रंगाऱ्याला बोटं हलवायला सांगितली.

"हलवतोय की," तो म्हणाला. बोटं जागच्या जागी होती.

तिने कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याच्या पावलाला हळूच टोचलं. रंगारी शांतपणे पत्र्याकडे बघत राहिला. महाराज उठून उभाच राहिला. "बघा, टोचलं तरी दुखत नाही. अजून काय पुरावा हवाय?" टाळ्या पडल्या. तिला मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बेटा आपल्या पायांनी खड्ड्यात उतरला होता, तिला फक्त माती लोटायची होती.

"काकू, काकांच्या पायाचा तळवा घट्ट धरा," ती बाकड्याला टेकून उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या बायकोला म्हणाली. काकूंनी धरला. "काका, पायाला कोण हात लावतंय?"

"कुणीच नाही," रंगारी म्हणाला.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

मग भोंगा वाजला. दादाचा पाय ज्यांना कापावा लागला, त्या डॉक्टरबाईंनी समजावलेलं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. नडगीभोवतीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात गच्च बसलेले असतात. हाड मोडलं की आत सूज येते, वरून पट्टी आवळली की तिला जायला जागाच उरत नाही. दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात. प्राणवायू न मिळालेल्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. एरवी जंतूंवर सोडायचं विष त्या इथे घरच्याच मांसावर ओततात, रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, सूज आणखी चढते. शेवटी संवेदना नेणाऱ्या नसाच मरायला लागतात.

"तेव्हा दुखायचं थांबतं," ती म्हणाली. "आणि नेमकी तेव्हाच हा सही घेतो. पुढे पाय काळा पडतो, तो बघायला ही वही कुणाच्या घरी जात नाही."

पट्टी सोडलीत तर कूळ बुडेल, असं महाराज बजावत होता. काकूंनी नवऱ्याच्या पिशवीतली कात्री काढली. "बुडू दे," त्या म्हणाल्या आणि पट्टी खालून वर कापत नेली.

चौघांनी रंगाऱ्याला उचलून टेम्पोत घातलं. मागे राहिलेल्यांनी वह्या उघडल्या. एकाला चुलत्याचं नाव सापडलं. चुलत्याचा हात वाळला होता. एकीला बहिणीचं सापडलं. नावं वाचली जात होती तसे लोक महाराजाकडे वळून बघायला लागले. महाराज मागच्या दाराकडे सरकला, मेहुणा घाईघाईने वाट काढायला गेला आणि बाकडं महाराजाच्याच अंगठ्यावर आदळलं. महाराज एका पायावर नाचायला लागला.

"गिळा की," ती म्हणाली.

निघताना तिने वहीचं कोरं पान फाडलं आणि त्यावर लिहून ते दारावर चिकटवलं: 'बांधल्यावर दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर झाली, हलेनाशी झाली, तर पट्टी कापा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा. दुखायचं थांबलं म्हणून हात जोडू नका, आधी बोटं हलवून बघा.'

डॉक्टरबाईंनी तासाभरात रंगाऱ्याच्या पायातलं आवरण चिरून दाब मोकळा केला. दुसऱ्या दिवशी अंगठा हलला. फक्त अंगठा, पण हलला.

त्या संध्याकाळी पप्पा म्हणाले, झालं एवढं पुरे. आई मान खाली घालून पानं वाढत होती. दादाने कुबडी भिंतीला टेकवली आणि बहिणीकडे बघितलं. तिने दप्तरातून शेडमधून उचलून आणलेली वही काढून दादाचं पान उघडलं.

"मी उद्या पोलीस चौकीत तक्रार देणार आहे," ती म्हणाली. "हे माझं अक्षर आहे, तक्रारही याच अक्षरात असेल. दादाला तिथे कोण घेऊन गेलं तेही त्यात लिहिणार आहे, पप्पा. खाली सही तुम्ही आणि आईने, दोघांनी करायची."