भट्टीला आठ बर्नर

नव्या भट्टीला आठ बर्नर बसले त्या दिवशी जावईबापूंनी फीत कापली आणि वर भाषणही ठोकलं. जावईबापू म्हणजे मालकांचे जावई, आणि म्हणून कारखान्याचे व्यवस्थापक. पात्रता याच क्रमाने. सातव्या आठवड्यात भट्टीच्या छताच्या विटा धाडकन खाली आल्या. खाली उभा असलेला माणूस थोडक्यात वाचला, पण खापर कुणाच्या तरी माथी फुटायलाच हवं. जावईबापूंनी भट्टी चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा माथा निवडला. निष्काळजीपणा म्हणे. येत्या शुक्रवारच्या बैठकीत त्याला नारळ द्यायचा, असं ठरलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

म्हाताऱ्याची सून त्याच कारखान्यात इंजिनियर. कुठल्या भट्टीला किती बर्नर लागतील, हा हिशेब तिचा. पण तिच्या पदवीला विचारतो कोण, सगळे तिला सूनबाईच म्हणायचे.

विटा का पडल्या हे तिला लगेच कळलं. बर्नर एका मर्यादेपेक्षा बारीक केला की विझतो. आठही बर्नर अगदी बारीक ठेवले तरी भट्टी हवी त्याहून जास्तच तापायची. मग सगळे आपोआप बंद व्हायचे आणि जरा निवली की पुन्हा एकदम भडकायचे. दिवसातून साठ वेळा हा तमाशा सोसून विटा तडकणार नाहीत तर काय करतील?

तर आठ आणले कुणी? तिने फाइल काढली. खरेदीवाल्यांनी सहा लिहिले होते, का तर दोन्ही भिंतींवर जोड्या छान दिसतात. भविष्याचा विचार करून जावईबापूंनी त्याचे आठ केले होते. वा रे विचार. सूनबाई मनातल्या मनात एकेकाची खरडपट्टी काढत मागे मागे गेली आणि शेवटी तिचाच कागद हाती आला. एका टनाला एक बर्नर. ताशी चार टन लोखंड, म्हणजे चार बर्नर. आणि खाली, तिच्याच वळणदार अक्षरात, पाच.

तिने कागद पालथा घातला.

संध्याकाळी सासूबाईंनी चौघांसाठी सात जणांना पुरेल एवढं रांधलं होतं. जेवताना सूनबाईने सासऱ्यांना सगळं सांगितलं, स्वतःचा पाचवा बर्नरही. म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"चार टन मीच सांगितलं होतं ना तुला?"

"तुम्हीच."

"जातात तीनच."

"बाबा! मग चार कशाला सांगितलं?"

"म्हटलं असू दे. तुम्ही हापिसातली माणसं देताना नेहमी काटछाट करता."

"आणि आम्हाला वाटतं, भट्टीवरची माणसं कमीच सांगतात."

"बैठकीत तू तुझ्या पाचव्याचं बोलू नकोस," म्हातारा म्हणाला. "मी नाहीतरी चाललोच आहे. तुझी नोकरी राहू दे."

तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर तिला हे पटलं होतं.

शुक्रवारी ती उभी राहिली. "भट्टीला तीन बर्नर पुरे होते," ती म्हणाली. "चौथा बाबांचा, पाचवा माझा, सहावा खरेदीखात्याचा. सातवा आणि आठवा..." इथे तिने जावईबापूंकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. जावईबापूंनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

न्याय झाला. म्हातारा राहिला. सूनबाईला लेखी ताकीद मिळाली. बर्नर कसे वाढले याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली, अध्यक्ष जावईबापू.

छत दुरुस्त झालं. सूनबाई भट्टीपाशी गेली, फळीवर कागद ठेवला आणि हुकूम लिहू लागली: चालू ठेवायचे बर्नर. पुढे तिच्या हाताने आपसूक 'चार' लिहिलं. म्हातारा खांद्यावरून वाचत होता.

"तीन लिही," तो म्हणाला.

"मला झोप लागायची नाही, बाबा."

"मलाही नाही लागायची. तीन लिही."

तिने चार खोडून तीन केलं. पाचवा ते आठवा आधीच बंद होते; म्हाताऱ्याने पाना उचलला आणि चौथ्या बर्नरचीही झडप बंद केली. मग, सवयीने, ती आणखी थोडी आवळली.