भुशाची मूठ

लाकडाच्या भुशाच्या जळणकांड्या दाबणारं यंत्र मिस्त्रीने तिसऱ्यांदा बनवलं, तेव्हा कुठे ते धड चाललं. पहिलं तुंबलं होतं, दुसऱ्याचं मळसूत्र आठवड्यात झिजलं. तिसऱ्यातून मात्र दोन महिने टणक कांड्या पडत होत्या, आणि त्याचं सगळं श्रेय तो साच्याच्या निमुळत्या तोंडाला देत होता. भुसा टाकायला बायको असायची. टाकायला काय अक्कल लागते, असं त्याचं मत होतं आणि तो ते लपवत नसे.

आज वखारवाला यंत्र पाहायला आला होता. त्याला पसंत पडलं तर चार यंत्रं एकदम जाणार होती. नाही तर नोकरी सोडताना ज्या मालकाला चार शब्द सुनावले, त्याच्याच लेथवर मिस्त्रीला सोमवारी परत उभं राहावं लागणार होतं. पाहुण्यासाठी म्हणून त्याने भुसा तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बायकोला बाजूला करून स्वतः यंत्राशी उभा राहिला.

पहिली कांडी बाहेर येताच तिचा भुगा झाला. दुसरीचाही तोच. त्याने साचा तापवणारा हीटर वाढवला, साचा आवळला, यंत्राला मनातल्या मनात शिव्या घातल्या. वखारवाला घड्याळ पाहू लागला. बायको दाराशी उभी राहून भुशाच्या ढिगाकडे बघत होती. तिला काहीतरी कळलंय हे मिस्त्रीला दिसत होतं, तरी पाच मिनिटं त्याने तिकडे बघायचं टाळलं.

"अगं, बघ जरा," तो शेवटी म्हणाला.

तिने भुशाची मूठ आवळली, उघडली. सगळा भुसा बोटांतून सांडला. "अहो, पार कोरडा केलात. धरणार कसा?" तिने थोडं पाणी शिंपडलं, ढवळलं, पुन्हा मूठ आवळून पाहिली.

पुढची कांडी सरळ आली. वखारवाल्याने ती जमिनीवर आपटली, तुटली नाही.

"झकास! पण माझ्याकडे वहिनी येणार आहेत का? ओलं-कोरडं यंत्रालाच कळू दे, मग बोलू."

तो गेला. मिस्त्रीला लाज वाटली, रागही आला, पण काढायचा कोणावर?

संध्याकाळी त्याने यंत्राच्या नकाशाचा कागद पसरला. "मूठ किती जोरात आवळतेस?"

"हात आणा इकडे." तिने आवळला. तो कळवळला.

सोमवारी तो लेथवर परत गेला. चौथ्या यंत्राचं काम सुट्टीच्या दिवशी चालायचं. भुसा तो टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचा आणि कधी थांबायचं ते ती मूठ आवळून सांगायची.