ओल्या खुर्च्यांमधली सुलभा

मयूरनं एक चौकोनी पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, यात आई आहे."

माझी बायको सुलभा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. गेली तीही नाशिकला, स्वतःच्या घरी. आणि हा मुलगा आयर्लंडात, गॉलवेत, ओलं जर्किन अंगावर तसंच ठेवून मला सांगतोय की ती पाकिटात आहे. मी ते उलटसुलट करून पाहिलं. आत गाण्यांची काळी तबकडी, वर पावसात भिजणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं चित्र. बँडचं नावही तेच, वेट चेअर्स. ओल्या खुर्च्या! नाव ठेवताना माणसानं जरा तरी विचार करावा.

झालं होतं असं. गेल्या वर्षी आम्ही दोघं मयूरकडे राहायला आलो, तेव्हा शेजारचं घर इंग्लंडातल्या चार पोरांनी भाड्यानं घेतलं होतं. त्यांना आपला पहिला अल्बम करायचा होता. इथली ही जोडघरं, दोन बिऱ्हाडांत एकच भिंत, त्यामुळे तो अल्बम आम्हीही सोसला. त्यातला ड्रम वाजवणारा टोबी मात्र गुणी पोरगा. एकदा चहाला आला आणि मग रोजच यायला लागला.

चहा सुलभाचा, आल्याचा. त्यासाठी तिनं नाशिकहून लोखंडी खलबत्ता आणला होता. विमानतळावर त्यापायी माझे दोन स्वेटर बाहेर काढावे लागले. ओट्याची फरशी तडकेल म्हणून सून रोहिणी तिला ओट्यावर कुटू देईना, तेव्हा ही जिन्याखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. आलं तिनं कुटायचं, पाणी मी ठेवायचं, ही आमची लग्नापासूनची वाटणी. तिथून तिला स्वयंपाकघर दिसायचं नाही. मधेच हात थांबवून ती विचारायची, "पाणी ठेवलंत का?" मी सोफ्यावरूनच "ठेवलं" म्हणायचो आणि मग ठेवायला उठायचो. ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तर त्या टोबीनं आज मयूरला बाजारात गाठलं. आई गेल्याचं ऐकून भर रस्त्यात रडला, पिशवीतून ही तबकडी काढून दिली आणि म्हणाला, ती यात आहे.

"कुठल्या गाण्यात?" मी विचारलं.

"ते विचारायचं राहिलं, बाबा. मलाच काही सुचेना. आणि त्यांची व्हॅन रस्ता अडवून उभी होती, तो पळालाच."

मुलगा इंजिनिअर. हृदयात बसवायच्या नळ्यांची डिझाइनं करतो. त्याला एक साधा प्रश्न विचारता आला नाही.

पण मला शंका नव्हती. सुलभा गायची. भजनी मंडळात चाल तीच धरायची. टोबीचं रेकॉर्डिंगचं यंत्र आमच्या टेबलावर मी पाहिलं होतं आणि त्याच्यापुढे तिनं एक अभंग म्हटल्याचंही आठवत होतं. दोन आणि दोन चार. मी लगेच घरच्या ग्रुपवर लिहिलं, "कै. सुलभाचे गायन ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बममध्ये! सर्वांनी अवश्य ऐकावे." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कारण मी स्वतः अजून एक सूरही ऐकला नव्हता.

घरात तबकडी लावायचं यंत्र नव्हतं. रोहिणीनं सगळा अल्बम फोनवर लावून दिला. मी डोळे मिटून बसलो. पहिल्या गाण्यात आरडाओरडा. दुसऱ्यात तोच, जरा हळू. तिसऱ्यात कुणीतरी कशाची तरी माफी मागत होता. चौथ्यात गाणंच नव्हतं, नुसती ठोकाठोकी आणि वर कण्हणारी गिटार. ते मी अर्ध्यावरच सोडून पुढे गेलो. शेवटापर्यंत ऐकलं. सुलभा कुठेच नव्हती.

तेवढ्यात नाशिकहून माझ्या बहिणीचा, वासंतीचा फोन आला. हुंदके आवरेनात तिला. "दादा, पाचवं गाणं! अगदी वहिनींचा आवाज रे. माझ्या अंगावर काटा आला."

मी पाचवं पुन्हा लावलं. त्यात तो लांब केसांचा गायक बेंबीच्या देठापासून किंचाळत होता. दुसरं कुणीच नव्हतं.

मग ग्रुपवर धडाधड निरोप यायला लागले. पियूष, माझा भाचा, म्हणाला की मामी सातव्यात आहे, पण हेडफोन लावला तरच. चुलतभावाला ती दुसऱ्यात सापडली. एकानं "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून टाकलं, तो बहुधा जुन्या निरोपाला उत्तर देत असावा. सगळ्यांना सुलभा ऐकू येत होती, प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी. ज्यानं तिच्याबरोबर जन्म काढला त्यालाच ती ऐकू येत नव्हती.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात झाली. लाइनमधला फॉल्ट कुठे आहे, ते एकेक खांब तपासून शोधायचं काम. तसंच मी आता करायला लागलो. मयूरच्या फोनमध्ये सुलभाचा एक व्हिडिओ आहे, त्यात ती फक्त "चालू आहे का रे हे?" एवढंच बोलते. ते ऐकायचं, मग अल्बममधला एक तुकडा ऐकायचा, पुन्हा ते. पण तेवढ्यावरून गाणारी सुलभा मनात उभी करता येईना. कशी गायची ही? वरच्या पट्टीत आवाज चिरकायचा का? का तो मंडळातल्या दुसऱ्याच कुणाचा? मला आठवेना आणि मग मी घाबरलो. माणूस जाऊन वर्ष होत नाही तोच त्याचा आवाज विसरायचा म्हणजे ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मी घालवली.

"बाबा, इतकं नका ना मनाला लावून घेऊ," रोहिणी म्हणाली. "शनिवारी ते लोक बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात वाजवणार आहेत, दुपारी. मी नेते तुम्हाला. सरळ विचारून टाकू."

शनिवारी गेलो. दुकानात पोरांची ही गर्दी, आणि त्यात मी एकटा मफलरवाला. वाजवून झाल्यावर रोहिणीनं मला कोपरानं ढोसलं. "तो बघा युअर मॅन, काउंटरपाशी." इथे कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात. मला त्याची अजून सवय नाही.

टोबीनं मला पाहिलं आणि मिठीच मारली. घामानं निथळत होता. मी त्याला विचारलं, "माझी बायको कुठाय?"

बाजूची मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. टोबी म्हणाला, "चौथ्या गाण्यात." त्याचं इंग्रजी मीच इथे मराठीत सांगतो.

"चौथ्यात कुणी गातच नाही!"

"गात नाही. तिचं गाणं मी टिपलं होतं, पण ते देवाचं आहे म्हणाली, म्हणून घेतलं नाही. आम्ही घेतलं ते भिंतीतून यायचं ते." त्यानं काउंटरवर मूठ आपटली. दोनदा जोरात, एकदा हळू, आणि मग मूठ गोल घासली. पुन्हा दोनदा, एकदा, आणि घासणं. "चौथ्या गाण्यात माझा ड्रम नाहीच. सगळं तीच वाजवतेय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ज्याला ठोकाठोकी म्हणून सोडून दिलं, ती सुलभा होती.

"मधे ती थांबायची," टोबी म्हणाला. "थांबून काहीतरी बोलायची. रोज तेच. कुणाचं घरातलं बोलणं कसं छापायचं, म्हणून शब्द काढले. थांबणं तेवढं ठेवलं. काय म्हणायची ती?"

मला सांगायचं होतं. मी मफलर सोडून पुन्हा गुंडाळायला लागलो. रोहिणीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "ही इज ग्रँड," म्हणजे ठीक आहेत, असं त्याला सांगितलं. मी अजिबात ग्रँड नव्हतो.

घरी आल्यावर ग्रुप उघडला, चूक दुरुस्त करावी म्हणून. वासंतीनं लिहिलं होतं की ती रोज दिवेलागणीला पाचवं गाणं लावते आणि आता तिला बरं वाटतं. मी लिहायला घेतलेलं खोडून टाकलं. ऐकू दे तिला तो किंचाळणारा.

मग सोफ्यावर, माझ्या जागेवर बसलो आणि चौथं गाणं लावलं. गिटार कण्हायला लागली. तिच्याखालून खलबत्ता आला. दोनदा, एकदा, घासणं. आल्याचा तंतू राहू नये म्हणून ती तशी घासायची. एका बाजूला बारीक किणकिण होती, ती तिच्या बांगड्यांची. मला आवाज आठवायची गरजच पडली नाही. मी नुसता ऐकत बसलो.

आणि खलबत्ता थांबला. गिटारही थांबली. घरात काही वाजत नव्हतं.

"ठेवलं," मी म्हणालो.

पलीकडे पुन्हा कुटणं सुरू झालं. मी पाणी ठेवायला उठलो.