गळ्यातली मोठी

सुवर्णाच्या गळ्यात दोन गोष्टी होत्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी सवत. सवत म्हणजे चांदीचा टाक, नखाएवढा, काळ्या दोऱ्यात ओवलेला, त्यावर बाईचा ठसा. ही नवसा, भिकनची आधीची बायको. ती वारली, भिकननं सुवर्णाशी लग्न केलं आणि रीतीप्रमाणे मेलेली मोठी जिवंत धाकटीच्या गळ्यात आली. मान दिला नाही तर मोठी कोपते, असं म्हणतात. म्हणणारे सगळे जिवंत असतात, ती गोष्ट वेगळी.

सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत मोठीला विचारल्याशिवाय काही होत नसे. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा घास आधी तिला. भिकनची आई बायडाबाई सटाण्याकडची. नाशकात येऊन केस पिकले तरी तिची बोली पुरती सुटली नव्हती. "मोठीले दखाडं का?", मोठीला दाखवलं का, हे तिचं विचारणं दिवसभर चालू असे. आणि सुवर्णा मुकाट्यानं पदराआडून टाक काढून भाजीच्या टोपल्यासमोरसुद्धा धरी. स्वतःच्या घरात आपण उष्ट्यावर जगतोय, असं तिला वाटे.

तेही तिनं सोसलं असतं. पण दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. दोन्ही वेळा बायडाबाईनं टाकाला हळदकुंकू वाहिलं, कपाळाला अंगारा लावला, शुक्रवार धरायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या नळावरचं पाणी पुन्हा सुवर्णाच्याच कमरेवर आलं. "मोठी टिकू देत नाही," असं ती म्हणे. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. हे मूल जाऊ नये, एवढंच सुवर्णाला हवं होतं. भांडी घासताना टाक पुढं लोंबून पातेल्याच्या काठावर टिकटिक वाजे. कुणीतरी दार वाजवावं तसा तो आवाज. तिचे हात थांबत.

भिकनची कंपनीत दुसरी पाळी असली की संध्याकाळी ती वसाहतीतल्या शाळेत जायची. तिथं बायकांसाठी, कामगारांसाठी मोठ्या माणसांचं कॉलेज भरे. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं आणि शिकायचं. वणीला बारावी होऊन तिचं शिक्षण तुटलं होतं. ते पुन्हा जोडावं म्हणून तिनं नाव घातलं, आणि जी जागा मिळाली ती मानवशास्त्राच्या वर्गात. मानवशास्त्र म्हणजे काय हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. बायडाबाईला वाटलं, शिवणकामच असेल.

देसले मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चालीरीती शोधायला जंगलात जायला नको. आपल्या स्वयंपाकघरात बघा." मग त्यांनी फळ्यावर घरातल्या माणसांचा नकाशा काढायला शिकवला. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. सुवर्णानं भिकनचा त्रिकोण काढला, दोन्ही बाजूंना दोन वर्तुळं काढली आणि एकावर रेघ मारली. मॅडम बाकाशी थांबल्या तेव्हा तिनं कसाबसा टाकही दाखवला. सगळा वर्ग माना वळवून बघू लागला.

"अगं, हे फार मोलाचं आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. सून मेली तरी दोन घरांचं नातं तुटू नये, म्हणून ही रीत. मेलेलीला घरात जागा राहते, आणि नवी सून तिच्या आईबापांची लेक होते. सुवर्णाला एकदम हलकं वाटलं. ज्याचं कारण सांगता येतं, ते भूत कसलं? मॅडमनी दिवाळीच्या सुटीसाठी काम दिलं. तुझ्या या दुसऱ्या माहेरी जा, नवसाच्या आईशी बोल, सगळ्यांची नावं विचार, कोण कशानं गेलं ते विचार.

नेमकं तेच सासरी कुणी सांगत नसे. नवसा कशानं गेली विचारलं की बायडाबाई म्हणे, "आजारी होती." भिकन तर ताट सोडून उठे. तो वाईट माणूस नव्हता. कंपनीत लेथवर लोखंड कापायचा, घरात मात्र आईच्या शब्दाबाहेर त्याचा ब्र निघत नसे.

बायडाबाई भाऊबीजेला सटाण्याला गेली, तशी सुवर्णानं भिकनला कॉलेजचं काम आहे म्हणून सांगितलं आणि घोटीची एसटी धरली. नवसाचं गाव घोटीच्या पलीकडे, भाताच्या खाचरांत. सोंगणी-कापणी चालली होती, वाऱ्याला नव्या भाताचा वास होता. नवसाची आई कुसाबाई अंगणात सुपानं भात पाखडत होती. तिनं सुवर्णाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी गळ्याकडे पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं.

"आली का गं बाय," ती म्हणाली. हे कुणाला म्हणाली, ते सुवर्णाला कळलं नाही.

तिला घरात नेऊन खांबाशी बसवलं. "नवसा हितंच बसायची." नवसाला आवडायची म्हणून नागलीची भाकरी आणि खुरसणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी पुढं आली. भाकरीचा पहिला तुकडा कुसाबाईनं टाकाला लावला नाही, सरळ सुवर्णाच्या हातात दिला. लग्न झाल्यापासून पहिला घास तिच्या वाट्याला आज येत होता, आणि तो गिळताना मात्र तिला वाटत होतं, आपण नव्हे, दुसरंच कुणी तरी जेवतंय. त्या घरात नवसा सगळीकडे होती. भिंतीवरच्या हाताच्या ठशात होती, दारामागच्या खुंटीवर होती. सुवर्णा बसल्या बसल्या अंग चोरू लागली.

जेवण झाल्यावर तिनं कागद काढला, नकाशा दाखवला. "हा त्रिकोण म्हणजे ते. ही मी. ही नवसा. मावशी, माझी दोन पोटातच गेली, आता तिसऱ्यांदा दिवस आहेत. नवसा कशानं गेली?"

कुसाबाई त्या वर्तुळांकडे बघत राहिली. "आन् हिच्या आधीची कुठंय?"

"कुणाच्या आधीची?"

"माझ्या नवसाच्या. तीबी दुसरेपणावरच दिली व्हती ना. तुला नाय सांगितलं?"

सुवर्णाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. कुसाबाई उठली, पेटी उघडली आणि फडक्याची पुरचुंडी आणली. नवसा गेल्यावर तिच्या अंगावरचं म्हणून सासरच्यांनी परत दिलं होतं ते. जोडवी होती, मणी होते, आणि काळ्या दोऱ्यात एक टाक होता. कुसाबाईनं तो तळहातावर ठेवला आणि सुवर्णाच्या गळ्यातला उचलून शेजारी धरला. दोन्ही अगदी एकसारखे होते. तोच ठसा, तेच डोळे, तेच जोडलेले हात. सोनाराचा साचा एकच असतो. त्याला बाई कोण होती याच्याशी काय करायचंय?

"तिलाबी असंच व्हायचं," कुसाबाई सांगू लागली. "दिस राह्यचे आन् जायचे. सासू म्हनायची, मोठी टिकू देत नाय. अंगारा लावायची, उपास धरायला लावायची. पाणी भरणं काय सुटलं नाय. तिसऱ्या बारीला रगत थांबंना तवा दवाखान्यात नेली. दारातच गेली."

"आणि तिच्या आधीची?"

"तीबी तशीच गेली म्हनत्यात. सटाण्याकडं, गावाला. तवा ही लोकं नाशकात आली नव्हती."

"नाव काय होतं तिचं?"

"काय ठावं. नवसा बी तिला मोठीच म्हनायची."

सुवर्णानं कागदावर भिकनच्या त्रिकोणाला तिसरं वर्तुळ जोडलं. त्याच्यावर रेघ मारली. मग तिची नजर आपल्या वर्तुळावर गेली. इतके दिवस ती नवसाला भ्यायली होती. तिच्यासमोर हात जोडले होते, तिच्यावर चिडली होती, मनातल्या मनात तिला शिव्याही दिल्या होत्या. आणि ती बिचारी सातपूरच्या त्याच घरात, त्याच नळावर पाणी भरत, गळ्यात दुसरीला बांधून अशीच घाबरत मेली होती. मॅडमच्या सांगण्यात सगळं बरोबर होतं. दोन घरं होती, नातं होतं, लेक होती. मेलेल्या बाया तेवढ्या त्यात नव्हत्या.

ती उठायला गेली आणि पोटात कळ आली. साडीला रक्ताचा डाग दिसला. सवयीनं तिचा हात गळ्याकडे गेला, टाक मुठीत धरून ती पुटपुटायला लागली. कुसाबाईनं तो हात खसकन ओढला.

"तिला काय सांगतीस? तिला कुणी वाचवलं? चल."

शेजारच्या नाथाचा टेम्पो भात घेऊन घोटीला निघाला होता. पोती खाली उतरवून कुसाबाईनं सुवर्णाला त्यात आडवी घातली, डोकं आपल्या मांडीवर घेतलं. रस्ताभर खड्डे होते. कुसाबाई तिला नवसा म्हणत होती, मधेच सुवर्णा म्हणत होती, पुन्हा नवसा. सुवर्णानं दोन्ही नावांना हुंकार दिला.

घोटीच्या डॉक्टरीणबाई मूल आहे म्हणाल्या. इंजेक्शनं दिली. कळशी नाही, जिना नाही, उपास नाही, बाळंतपणापर्यंत अंथरुणावर पडून राहायचं. "आधीच यायला हवं होतं. असलं वेळेत कळलं तर सांभाळता येतं," असं त्या सहज म्हणाल्या. कुसाबाईनं तोंडात पदर कोंबला. "तुम्ही कोण?" असं विचारल्यावर मात्र तिनं पदर काढला. "आई," ती म्हणाली.

निरोप मिळाल्यावर भिकन आणि बायडाबाई दोघं कुसाबाईच्या घरी आली. बायडाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "विहीणबाई, आमची सून आम्हाला द्या. तिला या घरात ठेवलं तर मोठी सोडणार नाही." आणि तिचे ओठ खरंच कापत होते. म्हातारी लबाड नव्हती, भित्री होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. फक्त हिच्या भीतीची किंमत दुसऱ्याच बाया मोजत आल्या होत्या.

सुवर्णा अंथरुणावरूनच बोलली, नवऱ्याशी. "अहो, नवसाच्या आधीच्या मोठीचं नाव काय?"

भिकननं आईकडे पाहिलं.

"जुनं कशाला उकरतेस?" बायडाबाई म्हणाली.

"मी यांना विचारतेय."

भिकन खाली बसला. बराच वेळ पायाचा अंगठा जमिनीला घासत राहिला. "तिचं नाव घ्यायचं नाही, असं आईनं सांगितलंय," तो म्हणाला. "नाव घेतलं की ती येते."

"येऊ द्या," सुवर्णा म्हणाली. "नवसा आहे, मी आहे. तीही येऊ द्या."

सोंगलेल्या भातावरून वारा आला आणि कडी आपोआप खुळखुळली. बायडाबाईनं दोन्ही कानांवर पदर ओढला.

"सुमन," भिकन म्हणाला. इतक्या हळू, की त्याला स्वतःलाच ऐकू आलं नसावं. मग पुन्हा म्हणाला, "सुमन." लेथवर लोखंड कापणारा तो माणूस लहान पोरासारखा रडू लागला. "अठरा वर्षांची होती. मला सांगत होती, दवाखान्यात चला. मी आईला विचारायला गेलो."

सुवर्णाला त्याची दया आली. रागही आला. मग तिनं सांगितलं, बाळ जन्माला येईपर्यंत मी इथून हलणार नाही. पुढचं पुढं बघू. कुसाबाई तिच्या उशाशी येऊन बसली. बायडाबाई केव्हाच अंगणात जाऊन एसटीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली होती.

भिकन उठला. आजवर त्यानं तिला "अगं" म्हणूनच हाक मारली होती. बहुधा तिघींनाही तशीच मारली असावी. उंबऱ्यात तो थांबला, मागं वळला आणि अडखळत म्हणाला, "सुवर्णा."

तिनं ऐकलं, पण ओ दिली नाही. आधी ते नाव त्याला नीट पाठ होऊ दे, असं तिला वाटलं.