एकशेदहा, सत्तर

शर्टांच्या कारखान्यात ती मापं तपासायची. शंभर शर्टांच्या बाह्या कागदावर एकसारख्या भरल्या, की तिला कळायचं, टेप कुणाच्या तरी गळ्यातच राहिलाय. हाताने शिवलेलं कापड सुतभर तरी इकडेतिकडे होतंच.

कारखान्यामागच्या खोल्यांत तिच्यासारख्या आणखी तिघी गर्भार होत्या. आठव्या महिन्यात तिने तिघींची दवाखान्याची कार्डं मागून घेतली आणि आपल्या कार्डाशेजारी मांडली. चौघींचा रक्तदाब एकशेदहा, सत्तर. दर महिन्याला तोच. गेल्या साली आई गेली, त्याच्या आदल्या दिवशीच्या दवाखान्याच्या कागदावरही हाच आकडा होता.

तेव्हापासून दवाखान्यातलं कुणी आलं, की ती कडी काढत नसे. पण त्या दुपारी कडी नणंदेने काढली आणि नवी नर्स आत आली.

"आधीच्या सिस्टर कुठे गेल्या?"

"बदली झाली."

"का झाली?"

"ते मला कोण सांगणार, ताई? मी परवा आलेय." नर्सचं लक्ष तिच्या पायांकडे होतं. "सूज आहे. डोकं दुखतं?"

"नाही."

"वहिनी, खोटं कशाला? तीन दिवस कपाळाला फडकं बांधून बसलीये, सिस्टर. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

नर्सने पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढला. तिने हात मागे घेतला.

"आधी हिचं मोजा."

"माझं? अगं, माझं लग्न तरी होऊ दे!"

नर्सने नणंदेच्या दंडाला पट्टा बांधला. एकशेअठरा, शहात्तर. मग तिच्या. नर्सच्या कपाळाला आठी पडली. एकशेचौसष्ट, एकशेदहा.

"पुन्हा मोजा."

एकशेबासष्ट, एकशेदहा.

दोन्ही वेळचे आकडे तंतोतंत सारखे आले असते, तर तिने नर्सला बाहेरची वाट दाखवली असती. पण दोनाचा फरक होता; तिने हात तसाच पट्ट्यात राहू दिला.

"आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात जायचं," नर्स म्हणाली. "झटके आले तर तुमचं आणि बाळाचं, दोघांचं अवघड होईल."

"घाबरवताय मला?"

"हो. मीच घाबरलेय."

"तिथे गेल्यावर कोण मोजणार? की नुसतंच लिहिणार?"

"मी सोबत येते. माझ्यासमोर मोजतील."

"तुम्हाला काय मिळतं यात?"

"घरी जायला उशीर झाला म्हणून माझ्या सासूबाईंची बोलणी."

नणंद फसकन हसली आणि रिक्षा आणायला पळाली.

ती उंबऱ्यात उभी राहिली. या बाईच्या बोलण्यात कुठे पाणी मुरतंय का, ते शोधत राहिली. काही सापडेना, तशी ती जास्तच घाबरली. ही खरं बोलत असेल, तर आकडा खरा. मग त्या दिवशी आईचा खरा आकडा काय होता? ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"नाक्यापर्यंत चालतच जाऊ," ती घाईने म्हणाली.

"एक पाऊल टाकायचं नाही. बसा."

तिने नर्सकडे एकदा नीट पाहिलं आणि बसली.